पूल परत द्या

३ मार्च, सोमवार. सकाळी ११.२०

नक्की झालं. जागतिक पूल स्पर्धा यंदा शेजारच्या देशात नाही. सात तास विमानात बसावं लागतं अशा भलत्याच देशात. महासंघाच्या सचिवांनी दहाला जाहीर केलं, साडेदहाला क्लब चालवणाऱ्या काकांनी मला फोन करून दुजोरा दिला. काकांचा आवाज ठणठणीत होता. माझा बसला. हातातली काच दोन मिनिटं जास्त घासली गेली. आता चष्म्याच्या दुकानाच्या मालकांना एका गिऱ्हाइकाचा डावा डोळा समजावून सांगावा लागेल.

शिसारी आली. ज्या देशात क्यू म्हटलं की लोक खेळायची काठी उचलायची सोडून रांग लावतात, तिथे पूल?

नियमही बदललाय. पात्रता फेरीला प्रत्येक क्लबचे दोघे जाणार होते, आता एकच. आमच्याकडे पहिला टेलर, दुसरा मी. टेलर, म्हणजे कपडे शिवणारा, माझा अकरा वर्षांपासूनचा जोडीदार. माझ्या रागाचा या गोष्टीशी काहीही संबंध नाही. हे मुद्दाम लिहून ठेवतोय.

संकल्प: संपूर्ण बहिष्कार. आजपासून.

४ मार्च, मंगळवार

नव्या यजमानांचा व्हिडिओ पाहिला. आठ नंबरच्या चेंडूला पाय चितारलेत आणि तो हसतो. टेबलाचं कापड जांभळं. बघूनच तोंड कडू झालं. चार वेळा पाहिला, पुरावा म्हणून.

बायकोला सगळं सांगितलं. ती कालव्यापलीकडच्या दवाखान्यातून पायी आली होती. कालव्यावरचा लाकडी साकव आठ महिने बंद आहे, आता म्हणे तो दूर कुठेतरी हलवणार, त्यामुळे तिला दोन किलोमीटरचा वळसा पडतो. (मी तिकडे फिरकत नाही. मी कामाला असतो ते दुकान आणि क्लब अलीकडेच.) चपला काढता काढता ती म्हणाली, "अहो, पण तुम्हाला कोणी बोलावलं होतं का?"

प्रश्न बोलावण्याचा नाही, तत्त्वाचा आहे. पण दमलेल्या माणसाशी तत्त्वावर बोलू नये.

७ मार्च, शुक्रवार

क्लबात सभा बोलावली. हजर चार. त्यातले दोघे खेळायला आले होते.

आमच्या क्लबचा नियम आहे: चेंडू टेबलाच्या कुठल्या भोकात, म्हणजे पॉकेटात, जाणार ते आधी मोठ्याने सांगायचं, मग मारायचं. दुसऱ्या पॉकेटात चेंडू पडला तर तो धरत नाहीत. त्याच नियमाने मी उभं राहून सांगितलं, की महिन्याभरात महासंघाला हा निर्णय मागे घ्यायला लावणार. काका म्हणाले, "कोपऱ्यातलं पॉकेट की मधलं, तेवढं सांग." लोक हसले. मी नोंद घेतली.

टेलरने फक्त एवढंच विचारलं, की मला यजमानांना अठ्ठावीस तारखेपर्यंत येतो की नाही ते कळवायचंय, काय करू? अकरा वर्षांत तो इतक्या हळू आवाजात कधी बोलला नव्हता. मी म्हणालो, नकार कळव. त्याने क्यूच्या टोकाला खडू लावला. खूप वेळ लावत होता.

९ मार्च, रविवार

निवेदन लिहून काढलं. पहिलीच ओळ: "पूल आमच्या हक्काचा आहे. तो दूर हलवण्याचा निर्णय आम्हाला मान्य नाही. पूल परत द्या." दुसरी ओळ सुचली नाही. गरजही वाटत नाही.

सही करायला क्लबातले लोक पुरणार नाहीत. जनतेत जावं लागेल.

१० मार्च, सोमवार

दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांपुढे कागद ठेवला. अर्ध्या दिवसात सदतीस सह्या. थक्क झालोय. भाजीवाली म्हणाली, "पूल गेला तेव्हापासून माझे पायच गेले." एका खेळात लोकांचा इतका जीव गुंतला असेल असं वाटलं नव्हतं.

निवृत्त हेडमास्तर सही करताना भावुक झाले. म्हणाले, लहानपणी आम्ही पुलावरून उड्या मारायचो. टेबलावरून उड्या. कापडाचं काय होत असेल? जुन्या पिढीची ही बेशिस्त. तरी सही घेतली.

भाषेचीही वाट लागलीय. जो तो "पुलावर", "पुलाचं" म्हणतो. जाणकार "पूलवर", "पूलचं" म्हणतो. दोन-तीन जणांना सुधारलं. ते माझ्याकडे बघत राहिले.

१४ मार्च, शुक्रवार

एकशे ब्याण्णव सह्या. टेलरनेही केली, न कुरकुरता, एक्केचाळिसावी. मोठ्या मनाचा माणूस. त्याच्या त्यागाची नोंद इतिहास घेईल, त्याला तसं सांगितलंसुद्धा. तो म्हणाला, "इतिहासाला माप द्यायला पाठव."

निवेदन उद्या पोस्टात टाकणार.

१९ मार्च, बुधवार

उद्या टाकणार. पाकीट मोठं लागतं.

तूर्तास रोज सकाळी सहाला सराव करायचं ठरवलंय. जायचं नसलं तरी तयारी असावी. आज साडेनऊला उठलो.

२१ मार्च, शुक्रवार

कपाटावरचे कागद बायकोला सापडले. उभ्या उभ्या वाचले आणि म्हणाली, "अहो, हे तुम्ही केलंत? मला वाटलं तुम्हाला माझ्या पायांची काही पडलेलीच नाही." पायांचा काय संबंध ते कळलं नाही, पण लग्नानंतर ती माझ्याकडे अशी पहिल्यांदाच बघत होती. उगाच मध्ये तोंड घातलं नाही. दुपारी म्हणाली, "दिलं नेऊन."

महासंघाचं इथे कार्यालय आहे हे मला माहीत नव्हतं. बायकांना पत्ते बरोबर सापडतात.

२६ मार्च, बुधवार. संध्याकाळी ६

जिंकलो.

उत्तर आलं. पाकीट बायकोने फोडलं, त्यात कागदाचा वरचा भाग फाटला, पण मजकूर शाबूत आहे: "निवेदनातील मागणी मान्य करण्यात येत असून, स्थलांतराचा निर्णय रद्द झाला आहे. पूल पूर्वीच्याच जागी राहील. एका वेळी वीसपेक्षा अधिक व्यक्तींना प्रवेश नाही." खाली सही, उपअभियंता.

महासंघात अभियंते असतात हे नवीन कळलं. टेबल सपाट आहे का ते बघत असतील. प्रेक्षक फक्त वीस, म्हणजे निवडक, दर्दी. आवडलं.

२७ मार्च, गुरुवार

क्लबात पत्र मोठ्याने वाचलं. पुन्हा शेजारचा देश म्हणजे पुन्हा दोन जागा. टेलरला म्हणालो, त्या जांभळ्या कापडवाल्यांना उद्याच्या उद्या नकार कळव, आपण दोघं बरोबर जाऊ. त्याने पत्र दोनदा वाचलं. माझ्याकडे बघितलं, पुन्हा पत्राकडे. विचारलं, "हे तू नीट वाचलंयस?" मी म्हणालो, काचा घासणाऱ्याला वाचायला शिकवू नकोस.

काका काउंटरखाली काहीतरी शोधत होते. त्यांचे खांदे हलत होते.

२८ मार्च, शुक्रवार

टेलरला फोन केला. म्हणाला, "कळवलं." हाडाचा मित्र.

२ एप्रिल, बुधवार. दुपारी १२.४०

उपअभियंत्यांचा फोन. म्हणाले, लोकांच्या आग्रहामुळे पुलाच्या उद्घाटनाची फीत तुम्हीच कापायची. मी विचारलं, पूल कुठे आहे? ते म्हणाले, कालव्यावर.

२ एप्रिल. दुपारी ३

आमच्या घरी त्याला लहानपणापासून साकवच म्हणतात. मला कसं कळणार?

एकशे ब्याण्णव माणसं. भाजीवालीचे पाय. हेडमास्तरांच्या उड्या. बायको. कोणीही, एकानेही, एकदासुद्धा विचारलं नाही की कुठला पूल. आता स्वतःचीच किळस येतेय. महासंघाचं संकेतस्थळ उघडून पाहिलं. स्पर्धा तिकडेच. कापड जांभळंच. तो चेंडू अजून हसतोय.

आणि टेलर. माझं ऐकून त्याने नकार कळवला. एकच जागा होती, ती त्याची होती.

३ एप्रिल, गुरुवार

टेलरकडे गेलो. साकव अजून उघडायचाय, म्हणून पूर्ण वळसा घालून. दोन किलोमीटर चालता चालता चार प्रकारची माफी तयार केली. दुकानात तो पँटची शिलाई उसवत बसला होता. मी पहिल्या प्रकाराला सुरुवात केली.

त्याने मध्येच थांबवलं. म्हणाला, "कळवलं म्हणालो. नकार कळवला असं कधी म्हणालो?" येतो म्हणून कळवलं होतं. ते पत्र कुठून आलंय हे त्याला पहिल्या वाचनातच समजलं. सहीसुद्धा त्याने त्याच पुलासाठी केली होती. दुकान कालव्यापलीकडे, आठ महिने गिऱ्हाइकं अर्धी झालेली. मग मला सांगितलं का नाहीस? म्हणाला, "तू इतका खूश होतास. आणि अकरा वर्षांत पहिल्यांदाच तुझा चेंडू पडला होता." मग पुढचा टाका उसवत म्हणाला, "सांगितलेल्या पॉकेटात नाही, एवढंच."

त्याच्या क्यूच्या पिशवीची चेन तुटलीय. म्हणाला, दुसऱ्यांचं शिवता शिवता राहून गेली. माझी दिली. मला यंदा लागणार नाही.

बहिष्काराबद्दल त्याने काही विचारलं नाही. मीही काढलं नाही.

४ एप्रिल, शुक्रवार

उद्या सकाळी साडेनऊला उद्घाटन. कात्री टेलर त्याच्या दुकानातली देणार आहे, कापड कापायची, धार चांगली आहे. विमानतळाची बस अलीकडून सुटते. म्हणजे फीत कापल्यावर पुलावरून पहिला माणूस येईल तो टेलर, खांद्याला माझी पिशवी, त्याच देशात जायला निघालेला. बायको म्हणाली, "अहो, फीत कापताना चेहरा जरा बरा ठेवा." प्रयत्न करीन.

त्याचा पहिला सामना पुढच्या मंगळवारी, आपल्याकडच्या दुपारी दोन वाजता. काकांनी क्लबात मोठा टीव्ही लावायचं ठरवलंय. मालकांकडे अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज दिला. कारण लिहिलं: पुलाचं काम.