चौथ्या खणातलं पत्र

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

इकडे सर्व कुशल, आणि या वेळी हे केवळ रीत म्हणून लिहिलेलं नाही. माझ्या ईमेलच्या डब्यात आज न वाचलेलं एकही पत्र नाही. गेल्या रविवारी अशी चौदा हजार सहाशे बारा होती. तीस वर्षं ग्रंथालयात हस्तलिखितांची सूची करणाऱ्या माणसाची ही दशा तुझ्या लेकीनं पाहिली, आणि जुन्या पोथ्या माझ्या हाती सुखरूप राहिल्याच कशा, असं तिनं मला विचारलं. मी विषय बदलला.

चिमणीनं फोनवर तीन तास माझी शिकवणी घेतली. सगळ्या सोयी म्हणे डब्यात पहिल्यापासूनच होत्या, पण सेटिंग नावाच्या दाराआड; आपण होऊन बाहेर येत नाहीत, कुणीतरी जाऊन बोलवावं लागतं. मला आपलं घराणं आठवलं. आता पत्रावर लेबल लागतं, फिल्टर लावला की पत्र आपल्या पायानं आपल्या खणात जाऊन बसतं. आज नको असलेल्या पत्राला सोमवारी सकाळी नऊला ये म्हटलं की ते नऊला हजर होतं. माझे दोन्ही सहायक अकराला येतात.

लेबलांना तिनं ऑफिस, घर, बिलं अशी नावं सुचवली होती. मीमांसा शिकलेल्या माणसाला ती कशी रुचावीत? मी कर्माचे प्रकार घेतले: नित्य, नैमित्तिक, काम्य आणि निषिद्ध. नित्यात रोजचं काम. नैमित्तिकात बैठका आणि निरोपसमारंभ. काम्यात पुरस्कारांचे अर्ज, म्हणजे तो खण स्वच्छच असतो. चौथ्यात काय जातं ते विचारू नकोस.

उत्तरांचंही सुधारलं आहे. पूर्वी तुला माझं उत्तर चार महिन्यांनी यायचं. हल्ली दोन मिनिटांत येतं, हे तुझ्या ध्यानात आलंच असेल. कौतुक कर, म्हणजे टिकेल.

तुझं शिवणकाम जोरात असेलच. लोभ आहे तसा राहू दे. तो वाढवायची सोय मला सेटिंगमध्ये सापडली नाही.

तुझा,
पंडित


१० मार्च

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

तुझी तब्येत कशी आहे? आठवा महिना आहे, जिने चढू नकोस. इकडे येण्याचा विचारही मनात आणू नकोस. तुझ्या डॉक्टरीणबाईंनी प्रवास नको म्हटलंय ते माझ्यासाठीसुद्धा नकोच.

ऑपरेशन एकोणीस तारखेला ठरलं. उजव्या डोळ्याच्या पडद्याला मधोमध छिद्र आहे, म्हणून सरळ घातलेली शिवण मला मधेच वाकलेली दिसते. गेल्या महिन्यात एका गिऱ्हाइकाची अख्खी बाही मी दोनदा उसवली आणि ती पहिल्यापासून सरळच होती. ऑपरेशन तासाभराचं आहे. पुढचे आठ दिवस मात्र पालथं पडून राहायचं, मान वर करायची नाही, आणि थेंब घालायला घरचं एक माणूस हवं. त्याशिवाय दाखल करून घेत नाहीत.

मामाला विचारलं का, हे तू पुन्हा विचारू नयेस म्हणून लिहिते. फोन केला नाही. फोनवर मागितलं की त्याला नाही म्हणता येत नाही, आणि मला तसं आलेलं माणूस नको होतं. पत्र लिहिलं. पण पाठवलेलं पत्र तीस सेकंदांत परत घ्यायची जी सोय तू लावून दिलीस ना, तिनं घात केला. पाच वेळा पाठवलं आणि पाच वेळा मागे घेतलं. शेवटी हॉस्पिटलचं पत्रच त्याच्याकडे फॉरवर्ड केलं, वर नुसतं सवडीनं बघ एवढंच लिहिलं. म्हटलं, वाचेल तो समजेल.

दोन मिनिटांत त्याचं उत्तर आलं. मिळालं, बघून फार बरं वाटलं, असंच पाठवत जा.

मी ते तीनदा वाचलं. डोळ्याचा दोष असेल म्हणून डाव्या डोळ्यानंही वाचलं. असो. त्याच्याकडे काम फार असतं. ऑपरेशन पुढं ढकलता येतं का ते विचारणार आहे. डॉक्टर म्हणतात, उशीर झाला तर छिद्र वाढेल. पण दुसरा डोळा आहेच.

त्याला काही कळवू नकोस. आशीर्वाद आहेतच, स्वतःला जप.

आई


११ मार्च

ती. मामास,
सा. न.

आईनं कळवू नकोस म्हटलंय, म्हणून तिचं पत्र जसंच्या तसं खाली जोडते आहे. आधी ते वाच.

वाचलंस? आता पुढे. आई रोज सकाळी फुलांचे फोटो फॉरवर्ड करते आणि तू त्यांना वैतागलास, म्हणून आईकडून फॉरवर्ड होऊन येणारं सगळं परस्पर चौथ्या खणात जावं असा फिल्टर मीच तुला लावून दिला. तिला वाईट वाटू नये म्हणून प्रत्येक फोटोला आपोआप जाणारं एक गोड उत्तर तू लिहून दिलंस, तेही मीच जोडलं. त्या दिवशी आपण दोघं किती हसलो होतो. फोटो कोणता आणि हॉस्पिटलचं पत्र कोणतं, हे त्या फिल्टरला काय कळणार? कळायला हवं होतं ते आपल्याला. पन्नास वर्षांत आईनं कुणाकडे काही सरळ मागितलंय का?

मला येता येत नाही, मामा. ओरडायलाही तूच एक हाताशी आहेस. राग निवळला की पुन्हा लिहीन, प्रेम करत राहा.

चिमणी


११ मार्च, दुपार

ती. ताईस,
सा. न., आणि या वेळी साष्टांग हा शब्द तंतोतंत घे. ग्रंथालयाची फरशी थंड आहे.

तुझं पत्र चौथ्या खणात सापडलं. एका बाजूला पिवळा गुलाब, दुसऱ्या बाजूला दोन हंस, मधे तुझा डोळा. बघून फार बरं वाटलं हे वाक्य माझंच आहे, पण ते मी म्हटलेलं नाही. तुझ्या फुलांसाठी लिहून ठेवलेलं ते यंत्रानं तुझ्या हातात ठेवलं. म्हणून मी निर्दोष ठरत नाही. सोय त्याची, आळस माझा. चिमणीला रागावू नकोस, तिनं आज्ञाभंग केला म्हणून तुझा डोळा वाचतो आहे.

रजा घेतली आहे. अठराला संध्याकाळी येतो. ऑपरेशन पुढे ढकलण्याचं नाव काढू नकोस. आठ दिवस तू खाली तोंड करून पडणार, तेव्हा मी जमिनीवर बसेन, म्हणजे माझं तोंड तुला दिसेल. याहून बरं काही दाखवता आलं असतं, पण घरचं माणूस हेच आहे.

चौथ्या खणात तुझी जुनी-नवी मिळून दोनशे आठ फुलं निघाली. आज एकेक उघडून पाहिली. तुला बघता येणार नाहीत, तेव्हा रोज सव्वीस या हिशेबानं मी ती वर्णन करून सांगणार आहे. कंटाळलीस तरी उठून जाता येणार नाही.

फिल्टर काढून टाकला. तुझं सगळं आता नित्यात येतं, हंसांसह. नित्य कर्म केल्यानं वेगळं पुण्य लागत नाही, न केल्यानं मात्र दोष लागतो. विशीत हे पाठ करून मी पहिल्या वर्गात आलो होतो. अर्थ आज लागला.

एक मागणं आहे. ये, असं मला एकदा लिही. कशावर चिकटवून नको, नुसतं. नाही लिहिलंस तरी मी येणारच आहे, त्यामुळे घाबरायचं कारण नाही.

लोभ करतेसच, तो आता जरा बोलून कर.

तुझा,
पंडित


१३ मार्च

चि. पंडितास,
अ. आ.

मागचा पलंग झाडून ठेवला आहे. चष्मा विसरू नकोस, थेंब मोजून घालायचे असतात. गुलाबाला गुलाबच म्हण, समास सोडवत बसू नकोस.

फुलं तुला आवडतात असं मला खरंच वाटत होतं. हल्ली तुझं उत्तर इतकं चटकन येऊ लागलं, म्हणून तर आणखीच पाठवत गेले.

तू मागितलेलं दोन दिवस लिहिते आहे. काल तीनदा पाठवलं आणि तीनदा परत घेतलं. आज पाठवल्याबरोबर दोन्ही हात मांडीखाली दाबून तीस मोजणार आहे. हे तुझ्यापर्यंत आलं, तर समज, मी तीस मोजले.

ये.

तुझीच,
ताई