कांताच्या वाट्याची जाग

नागपूर, ८ जानेवारी १९८६

चि. मुखरूस वच्छलाबाईचा जयभीम व आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचून डोकं फिरलं. बालवाडीत शिकवताना लेकरांपुढे कांताला पुन्हा झोप लागली आणि तू तिला चारचौघांत आळशी म्हणालास? हा मेंदूचा आजार आहे, अंगचोरपणा नाही, असं इथल्या डॉक्टरांनी तुझ्या तोंडावर सांगितलं होतं. सकाळी एक गोळी, दुपारी एक आणि जेवणानंतर वीस मिनिटं झोप, एवढं सांभाळलं तर ती नोकरी करू शकते. तू तिचा मोठा भाऊ, म्हणून दोन महिन्यांच्या गोळ्या तुझ्या हाती दिल्या. मग गुण का नाही? वीस तारखेला तपासणीसबाई नीलाबाई येणार आहेत. त्यांच्यापुढे ती झोपली तर नोकरी गेलीच. खरं काय ते कळव.

लोभ ठेव, पण आधी तिच्यावर.
तुझी थोरली बहीण वच्छलाबाई

कुरखेडा, १४ जानेवारी १९८६

ती. वच्छलाबाईस मुखरूचा सप्रेम जयभीम.

बाई, तू उगाच तापतेस. मी रोज नेमाने गोळ्या देतो, तिलाच लागू पडत नाहीत. इकडे मी वडशाच्या नाटक मंडळीत राजाचं काम करतो आहे. सात रात्री ओळीने नाटक झालं आणि दिवसा धानाची मळणी, तरी डोळा लागला नाही. लोकांना नवल वाटतं. गोळ्या महिन्यातच संपत आल्या, लवकर पाठव.

माया असू द्यावी.
मुखरू

कुरखेडा, २६ जानेवारी १९८६

ती. बाईस कांताचा जयभीम.

वीस तारखेला मी नीलाबाईंपुढेच झोपले. त्यांनी नाव कमी करते म्हटलं. घरी येऊन भाऊची नाटकाच्या रंगाची पेटी उघडली, तर माझ्या गोळ्या त्यात! मला तो सर्दीच्या गोळ्या देत होता, त्यांनी तर आणखी झोप येते. जाब विचारला तर म्हणतो, ‘राजाले रातभर उभं राहा लागते. तू त अशीबी झोपतेस, तुले काय फरक पडते?’ सख्खा भाऊ ना गं हा?

उरलेल्या गोळ्या मी हिसकावल्या. दोन दिवस वेळेवर घेतल्या, डॉक्टरांचा कागद घेऊन नीलाबाईंकडे गेले आणि तासभर टक्क जागी बसून बोलले. त्या पुन्हा तपासणी घेणार आहेत.

परवा राजा भर दरबारात सिंहासनावर घोरला. मंडळीवाल्याने त्याला सगळ्यांदेखत आळशी म्हटलं. घरी येऊन माझ्याजवळ रडत होता. या आजारात हसले की माझे गुडघे गळतात, म्हणून मी आधी खाली बसले आणि मग पोटभर हसले. राग मात्र तसूभर कमी झाला नाही.

पुढच्या गोळ्या माझ्या नावाने पाठव. लोभ आहेच, तो वाढू दे.
तुझी कांता