दातांचा दवाखाना आणि माझं स्वातंत्र्य

तीर्थरूप मामा यांस,

शिरसाष्टांग नमस्कार. (तीर्थरूप लिहावं की तीर्थस्वरूप, यावर मी पाऊण तास अडून होतो. चुकलं असेल तर तुम्ही लाल पेन्सिलीने सुधाराल याची खात्री आहे.) इकडे आम्ही सगळे ठीक. तिकडे तुमचा गुडघा, तुमचा खोकला आणि माझ्यावरचा राग यांपैकी काय काय कमी झालं ते कळवावं. राग कमी झाला नसेल तरी निदान गुडघ्याचं कळवा. तुम्ही फोन उचलत नाही. ताईच्या फोनवर केला की ती म्हणते, बाबा अंघोळीला गेलेत. गेल्या सोळा दिवसांत मी दिवसातून तीनदा फोन केला आहे. इतक्या अंघोळी कुठल्याही गुडघ्याला सोसणार नाहीत, म्हणून शेवटी कागद घेतला. हाताने पत्र लिहिण्याची सवय मोडली आहे, बोटं दुखतात, पण ते मी सांगणार नाही. मी माफी मागायला बसलो आहे.

झालं ते पहिल्यापासून सांगतो, म्हणजे माझा हेतू किती स्वच्छ होता ते दिसेल. पंपांच्या कारखान्यात माल रवाना करणाऱ्या खात्यात मी चौदा वर्षं होतो हे तुम्हाला माहीत आहे. रोज सकाळी साहेबांच्या टेबलावरच्या वहीत सही करायची, आणि दोन मिनिटं उशीर झाला की साहेब घड्याळाकडे न बघता माझ्या बुटांकडे बघायचे. (बुटांकडे का, ते चौदा वर्षांत कळलं नाही.) एक दिवस मी राजीनामा दिला. त्यात "सर्जनशील स्वातंत्र्य" हे शब्द होते. साहेबांनी ते दोनदा वाचले आणि विचारलं, "म्हणजे घरीच बसणार ना?" त्या क्षणी मी ठरवलं की आता स्वतःचं चॅनेल, स्वतःचा धंदा, स्वतःचा वेळ. तुमच्या भाचेसुनेला सांगितलं. ती औषधांच्या दुकानातून नुकतीच आली होती. ती म्हणाली, "बरं, मग भांडी तेवढी तुम्ही घासा."

पहिले चार महिने मी जगाला स्वतःचे विचार दिले. जगाने ते घेतले नाहीत. माझा सगळ्यात गाजलेला व्हिडिओ अकरा जणांनी पाहिला, त्यातले चार मीच होतो, वेगवेगळ्या फोनवरून. मग मी एका स्वातंत्र्यगुरूंचा अभ्यासक्रम घेतला. हे गृहस्थ नोकरी सोडून स्वतंत्र कसं व्हावं ते शिकवतात, आणि स्वतः हे शिकवण्याखेरीज दुसरं काहीही करून स्वतंत्र झालेले नाहीत. (हे मला सातव्या धड्याला कळलं. परतीची मुदत सहाव्या धड्याला संपते.) त्यांचा मुख्य मंत्र असा की पहिल्या तीन सेकंदांत बघणाऱ्याला धक्का बसला पाहिजे. मी घरीही सराव सुरू केला. कुकर उघडताना कॅमेऱ्यात बघून म्हणालो, "यातून जे निघालं ते पाहून तुमची झोप उडेल!" भाचेसून म्हणाली, "बटाटे निघालेत. जेवून घ्या."

अशा अवस्थेत मी तुमच्या दुकानी आलो. मामा, शप्पथ घेऊन सांगतो, मी फक्त चहाला आलो होतो. तुम्ही एका शिंपिणीच्या पाटीवर 'ळ' काढत होता. खारीच्या केसांचा तो बारीक ब्रश, काठीवर टेकलेलं मनगट, आणि एका श्वासात फिरवलेली ती दोन वेटोळी. चाळीस वर्षं अक्षरं रंगवणारा माणूस, डोक्यावर साहेब नाही, सहीची वही नाही. मला वाटलं, हे टिपावं. मी फोन उभा केला, आणि तुम्ही मान न वळवता मला जे बोलायला सुरुवात केली ते साडेसहा मिनिटं थांबला नाहीत. नोकरी सोडल्याबद्दल बोललात, केस वाढवल्याबद्दल बोललात. शेवटी म्हणालात, "उभा बघ कसा राहिलाय, कोणी ळ काढायला घेतला आणि मधेच चहाला गेला तसा." आणि एवढं सगळं बोलताना शिरोरेघ कुठे केसभरही हलली नाही. मी तो व्हिडिओ घरी जाऊन टाकला. तीन दिवसांत तीन लाख लोकांनी पाहिला.

पुढचं तुम्ही भोगलंच आहे, पण माझ्या बाजूने ऐका. लोक तुम्हाला 'खडूस मामा' म्हणू लागले हे मी ठरवलं नव्हतं. लोक दुकानी येऊन पाटी न सांगता "मामा, मला काहीतरी बोला ना" म्हणू लागले, हेही मी ठरवलं नव्हतं. (लग्नाच्या आमंत्रणात तुमच्या शिव्या हव्या असलेल्या त्या जोडप्याला मात्र मीच पाठवलं होतं. तुम्ही त्यांना पाणी दिलंत आणि आशीर्वाद दिलात. सगळी दुपार फुकट गेली.) माझी खरी अडचण वेगळी होती. सोमवारी आणि गुरुवारी अकरा वाजता नवा व्हिडिओ गेला नाही की आकडे घसरायचे आणि मी जेवतानाही फोन ताटाला टेकवून बसायचो. मी तुम्हाला बोलायची वाक्यं लिहून आणली. तुम्ही ती वाचलीत, त्यातले तीन शब्द ऱ्हस्व-दीर्घाला दुरुस्त केलेत आणि कागद परत दिलात. म्हणालात, "मला राग आल्याशिवाय रागावता येत नाही." आता यावर धंदा कसा चालवायचा? एक साहेब सोडून मी तीन लाख साहेब करून बसलो होतो, आणि माझा एकुलता एक कारागीर मनाला येईल तेव्हाच चिडत होता. म्हणून मी तुमचा चष्मा लपवू लागलो. ब्रश चुकीच्या डब्यात बुडवणारा मीच. 'शुद्ध' हा शब्द 'शूध्द' असा लिहून आणणारी ती तीन गिऱ्हाइकं माझीच.

आणि मग तो दाताचा डॉक्टर. तो माझा मेहुणा होता, हे तुम्हाला आता माहीत आहे. (आमच्या लग्नात तो हाफ चड्डीत होता, म्हणून तुम्ही ओळखला नाहीत.) मी त्याला सहा फुटी पाटी सांगायला पाठवलं आणि कागदावर मुद्दाम 'दाताचा दवाखाना' लिहिलं, अनुस्वार काढून. माझा हिशेब असा की तुम्ही भडकाल. तुम्ही तो कागद बराच वेळ बघत राहिलात. मग मेहुण्याला म्हणालात, "नवीन दिसताय. एकच दात बघणार नाही ना तुम्ही? अनुस्वार मी माझ्याकडून देतो." आणि हसलात. मामा, मी पडद्यामागे फोन धरून उभा होतो आणि मनात चरफडत होतो, की हे माझ्या काय कामाचं! नंतर आठ दिवस तुम्ही ती पाटी करत होता. हल्ली सगळे छापील फलक लावतात, हा पोरगा हाताने रंगवलेली मागतोय, असं तुम्ही ताईला फोनवर सांगितलंत. तो अनुस्वार तुम्ही पांढरा, गुळगुळीत, अगदी दुधाच्या दातासारखा काढलात. शनिवारी पाटी वर्तमानपत्रात गुंडाळून, धुतलेला सदरा घालून दाराशी बसलात. दहाला बसलात ते एक वाजेपर्यंत. मग मी कॅमेरा आणि मेहुणा दोघांना घेऊन पुढे आलो आणि ओरडलो, "मामा, डॉक्टर नाहीच! प्रँक!"

तुम्ही मेहुण्याकडे बघितलंत, माझ्याकडे बघितलंत, आत जाऊन सगळे ब्रश टर्पेंटाइनमध्ये धुतलेत, एकेक पुसून ठेवलात आणि शटर ओढलंत. त्याच संध्याकाळी तुम्ही ताईकडे गेलात. तो व्हिडिओ नऊ लाख लोकांनी पाहिला. खाली लोक रडत्या तोंडांच्या खुणा टाकत होते आणि मी त्या मोजत होतो. बाविसाव्या हजाराला थांबलो, कारण तेव्हा मला माझंच हसू ऐकू आलं. व्हिडिओच्या शेवटी मी हसताना ऐकू येतो. ते काढायचं राहून गेलं होतं.

मामा, मी चुकलो. यात आडवळण नाही, कंस नाही. तो व्हिडिओ मी काढून टाकला आहे. तुमच्या परवानगीशिवाय तुमच्याकडे फोन वळवणार नाही. तुम्ही परत या, दुकान उघडा, मी रोज येऊन झाडून जाईन. थोडाफार लोभ उरला असेल तर तो तसाच ठेवावा, वाढवण्याची घाई नाही.

तुमचा अपराधी भाचा

ता. क. व्हिडिओ काढून टाकला आहे म्हणजे, एकसंध असा काढून टाकला आहे. तोच दोन भागांत करून टाकावा लागला, कारण मध्ये गादीवाल्या कंपनीची जाहिरात बसवायची होती. हसू मात्र काढलं आहे.

ता. क. २. तो व्हिडिओ बघून एका खऱ्या दाताच्या डॉक्टरणीचा फोन आला होता, पाटी हवी म्हणून. मी तिला कळवलं की मामांनी कायमचा ब्रश खाली ठेवला. 'मामांची निवृत्ती' या भागाला ते बरं पडेल असं वाटलं.

ता. क. ३. हे पत्र घेऊन मेहुणा येत आहे. त्याच्या सदऱ्याचा खिसा जरा फुगलेला दिसेल, तिकडे लक्ष देऊ नये. वाचताना खिडकीकडे तोंड करून बसावं, उजेड चांगला येतो. माफीचा परिच्छेद सावकाश वाचावा, आणि डोळे भरून आले तर लगेच पुसू नयेत.

मामा, हे खालचं अक्षर माझं, तुमच्या भाचेसुनेचं. पाकीट काल सकाळी चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून वाचलं. यांच्या फोनचा कुलूप-नंबर माझी जन्मतारीख आहे, तेवढं एक यांचं बरं आहे. दोन्ही भाग मी आत्ता काढून टाकले, गादीसकट. माझ्या भावाचा फोन माझ्या पर्समध्ये आहे, त्याचा खिसा रिकामा आहे. डॉक्टरीणबाईंचा नंबरही त्याच फोनात मिळाला, त्यांच्याकडे मी काल दुपारी स्वतः जाऊन आले. बाई खऱ्या आहेत, दवाखाना खरा आहे, माझी दाढही दाखवून आले. तुम्ही ब्रश खाली ठेवलेला नाही हे त्यांना सांगितलं आहे. पाटी त्यांना तीच हवी आहे, अनुस्वारासकट, आणि मागच्या दाराला एक लहान हवी आहे. मंगळवारी त्या तुम्हाला भेटायला ताईंकडे येतील. आता हे पत्र पुन्हा एकदा निवांत वाचा आणि यांना काय बोलायचं ते पोटभर बोला. कोणी बघत नाहीये.