एका चापटीत किती टपल्या

सोमवार, ३ मार्च. सकाळी ६.१०

आजपासून रोजनिशी. कारण एकच. माझ्यासारख्या शांत माणसाला गोडाऊनमध्ये उगाच तापट म्हणतात. लिहून ठेवलं की पुरावा राहील. संकल्प: कोणावर खेकसायचं नाही. हात उचलायचा नाही. आणि ३१ मार्चच्या आत पर्मनंट व्हायचं. अकरा वर्षं मानकोलीच्या गोडाऊनला कॉन्ट्रॅक्टवर डिस्पॅच क्लार्क आहे. दर ३१ मार्चला कॉन्ट्रॅक्ट संपतं, १ एप्रिलला नवीन मिळतं. यंदा मिळणार नाही म्हणतात. अफवा आहे. माझ्याशिवाय तिथे एक ट्रक वेळेवर सुटायचा नाही.

दुपारी ३.२०

कॅन्टीनमध्ये राडा. १ तारखेपासून कंपनीने कॅन्टीनमधली रोकड बंद केली. आता सगळं फोनवर, पार्ककॉइन नावाच्या कंपनीच्याच नाण्यात. एक कॉइन म्हणजे पाच हजार रुपये. हेड ऑफिसमधल्या कोणा शहाण्याला वाटलं, नाणं वजनदार दिसलं पाहिजे. त्यामुळे दहा रुपयांचा चहा शून्य पूर्णांक शून्य शून्य दोन. गुणाबाईने नाशिकच्या एका ड्रायव्हरच्या चहात आज एक शून्य कमी दाबलं आणि त्याचे शंभर रुपये गेले. तो म्हणाला, चोरी करती है. गुणाबाई मूळची पडघ्याकडची, कॅन्टीन तिचं, हातात गरम झारा. तिने तोच त्याच्या कानावर घातला. त्याने ट्रे भिरकावला. मी मध्यस्थी केली. म्हणजे ड्रायव्हरची कॉलर धरून शांतपणे त्याचं डोकं फ्रिजवर टेकवलं. दोनदा.

भुवईला दोन टाके. माझ्या. फार लागलं नाही, रक्त जरा जास्त आलं एवढंच.

मंगळवार, ४ मार्च

नीरजा मॅडमची मीटिंग. या एचआर. ठाण्याहून येतात, वय तिशीच्या आत, आवाज न चढवता माणसाला रडवतात. म्हणाल्या, कॉइन हटणार नाही. पण चिल्लर रकमांना अशी नावं हवीत की ऐकल्याबरोबर कळलं पाहिजे, म्हणजे किती, असं कोणाला विचारावं लागता कामा नये. ज्याचं नाव चालेल त्याला वेलफेअर असिस्टंट करणार. पर्मनंट! सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. पट्टीमुळे असेल, पण पाहिलं.

घरी बायकोला, अनसूयाला सांगितलं. माझा चहा संपायच्या आत तिने भावाला फोन लावला. तो सुश्रुत, बँकेत, बाविसाव्या वर्षापासून पर्मनंट. पोराने पोहायला सुरुवात केली की जसं करतात तसं त्याने माझं अभिनंदन केलं. मला राग आला नाही. कपाचा कान आपोआप तुटला.

शुक्रवार, ७ मार्च

हेड ऑफिसने आपलीच नावं पाठवली. मिलीकॉइन, मायक्रोकॉइन. तक्ता लावला. लोडर विठू, गणेशपुरीकडचा, म्हणाला की मिलीमध्ये आपल्याला नव्वद आणि एकशेऐंशी एवढंच समजतं, बाकी सोडा. अकरा वाजता लोडरांनी तक्ता फाडला. माझा या तक्त्याला विरोधच होता, पण कंपनीची मालमत्ता म्हणून मी समोर उभा राहिलो. ओठ सुजलाय. वरणभात तेवढा गेला.

रविवार, ९ मार्च. सकाळी

विचारमंथन. कण, अंश, बिंदू, रज अशी यादी केली. प्रत्येक नाव अनसूयावर वापरून पाहिलं. प्रत्येक वेळी तिने विचारलं, म्हणजे किती? शेवटी विचारलं, हे कॅन्टीनसाठी आहे की सत्यनारायणासाठी? मी यादी फाडली. शांतपणे. सोबत तांदळाची चाळणीही फाटली, ती जुनी होती.

११.३०

सापडलं!! शाळेत न जाता, पाठ न करता, लहानपणापासून कशाची चढती भाजणी प्रत्येकाला ठाऊक असते? माराची! टिचकी, टपली, चापट, धपाटा, गुद्दा. दहा टिचक्यांची टपली. दहा टपल्यांची चापट. तसंच वर. दहा गुद्द्यांचा एक कॉइन. हिशेब करून पाहिला, पैन् पै बसतो. टिचकी पाच पैसे, चापट पाच रुपये. चहा दोन चापटी, वडापाव तीन चापटी, जेवण दोन धपाटे. माझं डोकं बघा! अनसूयाला विचारलं, चापट मोठी की टपली? तिने मान वर न करता सांगितलं, चापट. आणि म्हणाली, यात विचारायचं काय?

वेलफेअर असिस्टंटला स्वतंत्र टेबल असतं म्हणे.

मंगळवार, ११ मार्च

मॅडम खूप वेळ हसल्या. हसणं म्हणजे मंजुरी. आजपासून चाचणी सुरू. गुणाबाईला एका दमात समजलं. म्हणाली, याला हिसाब म्हनतात, ती शून्यं कोनी मोजायची? दोन तास चाळीस मिनिटं एकही भांडण नाही. मी दोनदा घड्याळ पाहिलं.

मग नामा. हा पडघ्याचा लोडर, उंची सहा फूट, मत प्रत्येक गोष्टीवर. त्याने विचारलं, धपाटा चापटीच्या वर कोणी ठेवला? धपाटा आई घालते. पाठीत. आणि लगेच भाकर वाढते. तो कसला मार? चापट मुकादम मारतो, ती आठवडाभर गालावर राहते. म्हणून चापट वर, धपाटा खाली. यावर विठू उठला. त्याच्या आईचा धपाटा बसला की माणूस ओट्यावरून थेट गोठ्यात जातो, तो स्वतः गेलाय, खोटं वाटत असेल तर हनुवटीवरची खूण बघा म्हणाला. नामा म्हणाला, मग तुझी आई तुला भाकर देत नसेल. विठूने पॅलेटची फळी काढली.

एक बरगडी (नामा), एक अंगठा (विठू), दोन तास डिस्पॅच बंद. मी मध्ये पडलो. विठूच्या पाठीवर माझं रजिस्टर दुभंगलं. याला हात उचलणं म्हणत नाहीत. हात नेहमीच्या उंचीवर होता, रजिस्टर लांब होतं.

गुरुवार, १३ मार्च

प्रकरण किरकोळ वाढलंय. पडघ्याची माणसं धपाटा खाली म्हणतात, गणेशपुरीची वर म्हणतात. मानकोलीचे कबड्डी खेळणारे तिसरंच बोलतात. त्यांच्याकडे गुद्दा सगळ्यांत खाली, कारण चढाईत तो कोणी मोजत नाही. म्हणजे पडघ्याच्या हिशेबात जेवण चहापेक्षा स्वस्त. एकाने ते त्याच दराने मागितलं आणि गुणाबाईने परात त्याच्या डोक्यावर पालथी केली. डाळीसकट.

दुपारपर्यंत नऊ जण ड्रेसिंगला. स्कॅनर चार फुटले. हेल्मेट घालून लोक जेवायला बसतात, सेफ्टी ऑफिसर म्हणाला की अकरा वर्षांत पहिल्यांदाच. बघा, माझ्या योजनेचा हाही फायदा. मॅडम हसल्या नाहीत. २० तारखेपर्यंत एकमत करा, नाहीतर योजना बंद, आणि ३१ ला तुमचंही बघू म्हणाल्या. अफवा मॅडमनाही कळली वाटतं.

आज होळी. अनसूयाने पुरणपोळी केली होती. चावता येत नाही, दुधात कुस्करून खाल्ली.

सोमवार, १७ मार्च

दोन रात्री झोप नाही. खरं लिहायचं तर भीती वाटते. बावन्नाव्या वर्षी मला कोण घेणार? अनसूयाने मावशीलासुद्धा सांगून ठेवलंय, हे पर्मनंट झाले. झाले म्हणते, होणार नाही म्हणत.

पण उपाय सापडला. भांडण का? कारण प्रत्येकाची आई वेगळी, मुकादम वेगळा. सगळे मार एकाच माणसाला, एकाच हाताने बसले की दर ठरला. शास्त्र आहे हे. माणूस असा हवा की जो ना पडघ्याचा, ना गणेशपुरीचा, ना मानकोलीचा. भिवंडी शहरातला. शांत. सहनशील.

सुश्रुत फोनवर म्हणाला, भावजी, विमा आहे ना? अशी माणसं आयुष्यात काही करत नाहीत.

बुधवार, १९ मार्च. संध्याकाळी

प्रात्यक्षिक यशस्वी.

ट्रक भरायच्या चार नंबरच्या बेमध्ये दोनशे चौदा माणसं. मध्ये खडूचं वर्तुळ, वर्तुळात मी. मारणारा हात गुणाबाईचा, कारण तिच्या हातावर तिन्ही बाजूंचा विश्वास. ती नको म्हणत होती. म्हणाली, क्लार्कदादा, घरी जावा, तुमच्यानं न्हाय व्हायचं. मी म्हटलं, सुरुवात टिचकीपासून करा, मग चढत जाऊ, गुद्द्यापर्यंत मी हलणार नाही. छातीवर हात मारून म्हटलं. टाळ्या पडल्या.

तिने कपाळावर टिचकी मारली.

मी पडलो. कारणं तीन. पोट रिकामं, फरशी नुकती पुसलेली, आणि तीस वर्षं भाकऱ्या थापलेलं बोट ते. शुद्धीवर आलो तेव्हा कोणीतरी तोंडावर ताक ओतत होतं. प्रयोग पुरा करायचा म्हणून पुन्हा उभा राहिलो. या वेळी तिने नुसतं बोट वाकवलं आणि मी खाली बसलो. हे प्रयोगाच्या सोयीसाठी.

मग जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं. नामा विठूकडे बघतोय, विठू नामाकडे. नामा म्हणाला, धपाट्याचं राहू दे, पण सगळ्यांत खाली काय ते आज कळलं. विठू म्हणाला, बरोबर. मानकोलीवालेही म्हणाले, बरोबर. दोनशे चौदा माणसांचं एकमत! दोघं एकमेकांच्या गळ्यात हात टाकून चहाला गेले. शांतता मी आणली. डोकं दुखतंय.

सोमवार, २४ मार्च

मतदान झालं. ठराव नामाचा. वरची सगळी नावं रद्द, फक्त सगळ्यांत लहान एककाला नाव द्यायचं, बाकी शेकड्यात मोजायचं. चहा दोनशे, वडापाव तीनशे. आणि त्या एककाचं नाव केसरी. माझं!!! केसरीनाथ लांब होतं म्हणून केसरी. दोनशे बारा मतं. विरोधात फक्त गुणाबाई. म्हणाली, जित्या मानसाचं नाव असं वापरू न्हाय, त्याला घर हाय, बायको हाय. तिला सन्मान कशाला म्हणतात ते माहीत नाही. माझं मत मी विनयाने दिलं नाही.

पाव किलो पेढे नेले. सुश्रुतला फोन केला, विचारलं, तुझ्या बँकेने तुझं नाव कशाला दिलंय? त्याने फोन ठेवला. जिरली.

गुरुवार, २७ मार्च

नाव झपाट्याने रुळतंय. कॅन्टीनमध्ये उभं राहून ऐकलं. कोणाचा चहा सांडला तर म्हणतात, जाऊ दे, चार केसरीचं नुकसान. ताटात दोन शितं राहिली तर म्हणतात, केसरीभर राहिलं. उत्तरेकडचा एक ड्रायव्हर दुसऱ्याला म्हणाला, तेरी एक केसरी की औकात नहीं. मी जाऊन माझी ओळख करून दिली. तो पोट धरून हसला. त्याने सगळ्या लाइनला बोलावून मला दाखवलं. लोकप्रियतेची सवय करून घ्यावी लागेल.

तरी त्याला एक ठेवून दिली. हसण्याची पद्धत आवडली नाही. त्याने परत दिली. पुढचा दात गेला. पर्मनंटला मेडिकल असतं, तेव्हा बसवून घेईन.

शुक्रवार, २८ मार्च

मॅडमनी सोमवारी अकराला बोलावलंय. अनसूयाने नवीन शर्ट काढून ठेवला. मी भाषण तयार केलंय. छोटं.

सोमवार, ३१ मार्च. दुपारी १२.५०

वेलफेअर असिस्टंट: नामा. नाव सुचवलं त्याने.

मी मॅडमना म्हटलं, पण नाव माझं आहे. त्या म्हणाल्या, हो, आणि अगदी चपखल आहे, ऐकल्याबरोबर कळतं. कॉन्ट्रॅक्ट संपलं. उद्याचं नाही.

संध्याकाळी ५

लिहिलं नव्हतं ते लिहितो. केबिनबाहेर नामा दिसला तेव्हा मी त्याच्यावर धावून गेलो. दोन्ही मुठी आवळून. त्याने आणि विठूने मला दोन बाजूंनी उचललं. पाय जमिनीला लागत नव्हते. गेटबाहेर नेऊन सावलीत ठेवलं, चप्पल निसटली होती ती आणून दिली. नामा म्हणाला, साहेब, घरी सांभाळून जा. मारलं कोणीच नाही. फार लागलं.

संध्याकाळी ७.१५

फोन वाजला. मी मोरीत होतो, अनसूयाने घेतला. कंपनीचा मेसेज. कॅन्टीन खातं बंद, शिल्लक सात केसरी. तिला पार्ककॉइनमधलं आजवर काही कळलेलं नाही. नोकरी गेली हेही मी अजून सांगितलं नव्हतं.

मोठ्याने वाचलं तिने. हसू फुटलं. मग माझ्याकडे बघितलं आणि थांबली. फोन खुंटीवरच्या माझ्या शर्टाच्या खिशात ठेवला, वरून हात फिरवला आणि आत जाऊन ताटं घेतली.

सात म्हणजे किती, हे तिला विचारावं लागलं नाही.