दुसऱ्यातून तिसऱ्यात

४ मार्च, मंगळवार

पुन्हा झालं! दुसऱ्यातून तिसरा गिअर टाकला, दाबून रेस दिली — काटा सरसर वर, इंजिन बोंबलतंय आणि गाडी ढिम्म. पुढे जायचं नावच नाही. मग जळका वास. कारखान्यामागचा सरळ रस्ता, सकाळची वेळ, चिटपाखरू नाही. गाडी बाजूला घेऊन बसून राहिले.

क्लच स्लिप होतोय, इंजिनचा जोर चाकांपर्यंत पोचतच नाही. नव्या कोऱ्या गाडीचा! दोन दारांची लाल स्पोर्ट्‌स कार, अजून सीटचा नवा वाससुद्धा गेलेला नाही.

राग यायला हवा होता. आला नाही. घरी येऊन भांडी घासली.

५ मार्च

हे गेल्याला वर्ष होत आलं. तेव्हाही रडले नव्हते. माणसं भेटायला येत होती आणि मी त्यांना पंखा वाढवू का विचारत होते. वन्सं म्हणाल्या, “वहिनी, एकदा मोकळं रडून घ्या.” रडू म्हणजे काय नळ आहे — सोडला की आला?

आमचं ड्रायव्हिंग स्कूल. हे ऑफिसात बसायचे, मी गाडीत. शेजारच्या सीटवर, पायाखाली जादा क्लच, जादा ब्रेक. अख्खं आयुष्य वीसच्या वेगाने, मागे लाल पाटी लावून काढलं. हे गेले, स्कूल बंद केलं, शिकवायच्या गाड्या विकल्या आणि ही आणली. लोकांनी तोंडात बोटं घातली. या वयात! डोक्यावर परिणाम झाला म्हणे बाईच्या.

खरं कारण कुणाला सांगितलेलं नाही. तिसरा गिअर जोरात टाकला की पाठ सीटवर दणकन आपटते आणि छातीत काहीतरी हलतं. दिवसभरात तेवढंच हलतं. बाकी सगळा दिवस आत कापूस भरल्यासारखा. क्लच स्लिप झाला की तो दणका बसत नाही. म्हणून मला क्लच नीट हवाय. बस्स, बाकी गाडीला लोणचं घालायचंय का!

८ मार्च, शनिवार

गाडी वर्कशॉपला दिली. तिथले साहेब गळ्याला टाय आवळून बसलेले. टायसाहेबच म्हणूया. “मॅडम, काळजी करू नका, आपलीच गाडी आहे.” आपली कुठे, माझी आहे.

रिक्षाने परत आले.

९ मार्च

काही नाही. जेवले. झोपले.

११ मार्च

टायसाहेबांचा फोन. “मॅडम, क्लच प्लेट जळालीय. पाय क्लचवर ठेवून गाडी चालवली की असं होतं. वॉरंटीत बसत नाही.”

मला! मला म्हणाला, पाय क्लचवर!

“पाय काढा क्लचवरून” — हे वाक्य मी जितक्या वेळा म्हटलंय तितक्या वेळा स्वतःचं नावसुद्धा घेतलं नसेल. अर्ध्या शहराचे पाय मी क्लचवरून काढलेत. वन्संचा तेवढा निघाला नाही. त्या तीनदा नापास झाल्या आणि नंतर गाडी हा विषय घरात काढायचा नाही असं ठरलं.

टायसाहेबांना म्हटलं, नवी प्लेट बसवा, मी सिद्ध करून दाखवते दोष कुणाचा ते. म्हणाला, “तुमची मर्जी.” उचलली जीभ लावली टाळ्याला!

वन्सं वरच्या मजल्यावरून खाली आल्या. “कशाला वाद घालता वहिनी, विकून टाका ना ती.” म्हटलं, वन्सं, तुम्ही यात पडू नका.

१५ मार्च, शनिवार

गाडी आणली. थेट कारखान्यामागच्या रस्त्याला.

पहिला. दुसरा. तिसरा — तेच! काटा वर, गाडी जागेवर.

गंमत म्हणजे मला जरा बरंच वाटलं. जुनी प्लेट माझ्यामुळे जळाली असेल म्हणा, पण आज बसवलेली आजच कशी जाईल? म्हणजे दोष गाडीतच. चोराच्या उलट्या बोंबा सगळ्या.

पाठीला दणका मात्र बसला नाही. रविवार आता कसा जायचा?

१७ मार्च, सोमवार

हा दिवस लिहू नये असं वाटतंय. लिहिते.

टायसाहेब म्हणाला, “आमची मेकॅनिक सोबत देतो, तिच्यासमोर चालवून दाखवा.” टोपीत केस कोंबलेली एक मुलगी आली. कोपरापर्यंत ग्रीस. “मॅडम, ओळखलंत? मी तुमच्याकडेच शिकले.” ओळखलं नाही. ओळखलं म्हणाले.

आधी तिने चालवली. मी शेजारी. काय सुरेख चालवते! दुसऱ्यातून तिसरा असा टाकला की माझी पाठ सीटवर आपटली — बऱ्याच दिवसांनी. क्लच एकदासुद्धा स्लिप नाही. तिसऱ्यात नाही, चौथ्यात नाही. मी तिला म्हटलं, अजून एकदा. परत नाही.

मग मी. पहिला, दुसरा, तिसरा. काटा वर, गाडी जागेवर.

ती खाली बघत होती, माझ्या पायांकडे. जरा वेळाने हळूच म्हणाली, “मॅडम... पाय.”

“काय पाय?”

“क्लचवर आहे.”

“कुठेय? खाली आहे माझा पाय!”

“बरं मॅडम.”

हे “बरं” मी ओळखते. हट्टी म्हाताऱ्यांना मीच म्हणायचे तसं. परतताना बिचारी माझी समजूत घालत होती — मॅडम, शिकवणाऱ्यांना सवय असते, जादा क्लचवर पाय ठेवून बसायची, तुमचा दोष नाही. मी म्हटलं, बाळ, आम्ही पाय पेडलच्या वर तरंगत ठेवतो. टेकवत नाही. टेकवला तर शिकणाऱ्याला गाडी कळतच नाही. ती पुन्हा म्हणाली, बरं.

लाज वाटली. तीही लांबून आल्यासारखी.

१८ मार्च

दिवसभर एकच विचार. सवय लागली असेल का? इतक्या वर्षांत माझी मलाच कळू नये?

छे! माझा पाय कुठे आहे ते मला कळणार नाही तर कुणाला?

२० मार्च, गुरुवार

पुरावाच तयार करायचा ठरवलं. मोबाइल डॅशबोर्डच्या खाली चिकटपट्टीने चिकटवला, कॅमेरा डाव्या पायाकडे. रेकॉर्डिंग चालू केलं. नंतर कुणाला शंका नको म्हणून मोठ्याने बोलत चालवली — शिकवताना बोलायचे तसंच. “क्लच दाबला. दुसरा टाकला. क्लच सोडला. पाय खाली.” सगळं व्यवस्थित. तिसऱ्यात स्लिप झालाच, पण म्हटलं होऊ दे, आता टायसाहेबांच्या नाकावर टिच्चून दाखवते.

घरी येऊन चहा ठेवला आणि रेकॉर्डिंग लावलं.

माझा आवाज म्हणतोय, “क्लच सोडला. पाय खाली.” आणि पाय पेडलवर! चांगला टेकलेला. पेडल अर्धं आत.

वाटलं, थोडं पुढेमागे झालं असेल. पुन्हा पाहिलं. “पाय खाली,” माझा आवाज, अगदी ठाम, आणि पाय तिथेच. पूर्ण रस्ताभर तिथेच. एकदाही खाली नाही.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात, मी पाय दाखवला.

चहा उतू गेला.

२१ मार्च

सवय असती तर पाय वर आहे हे निदान कळलं तरी असतं. मला तो खाली वाटत होता. शपथेवर सांगते, मला पायाखाली गाडीचा तळ लागत होता! की लागतोय असं धरूनच चालले होते?

वन्संना व्हिडिओ दाखवला. हसतील वाटलं होतं, त्यांना हक्क होता. हसल्या नाहीत. माझ्या पायांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “वहिनी, रागावू नका. परवा जिन्यात तुमची चप्पल निघाली, तुम्ही तशाच वर आलात. एक पाय अनवाणी. मागे एकदा टाचेला केवढी चीर पडली होती, फरशीवर रक्ताचे ठसे, आणि तुम्ही भाजी चिरत होतात.”

“मग बोलला का नाहीत?”

“मला वाटलं, दादा गेल्यापासून तुमचं कशातच लक्ष नाही. म्हटलं, कशाला टोकायचं.”

मलाही तसंच वाटत होतं की! गेलं वर्षभर काहीच लागत नाही, काहीच बोचत नाही. माणूस गेल्यावर होत असेल असं, म्हणून सोडून दिलं.

वन्संनी परस्पर डॉक्टरबाईंची वेळ घेतली. मी नको म्हटलं नाही. नको म्हणायलाही जोर लागतो.

२३ मार्च, रविवार

गाडी दारात उभी. बाहेर काढली नाही. डावा पाय गेला तर गेला. क्लच नसलेल्या गाड्याही असतात. तशी घेईन. चालवणं काही सोडत नाही मी.

२४ मार्च, सोमवार

डॉक्टरबाई म्हणाल्या, डोळे मिटा, पायाला काही लागलं की “हो” म्हणा.

डोळे मिटून पडले. बराच वेळ गेला. म्हटलं, “सुरू करा ना.”

“सुरू आहे,” त्या म्हणाल्या.

डाव्याचं मला माहीतच होतं. मग म्हटलं, “डाव्याचं झालं असेल तर आता उजवा बघा.”

“उजवाच बघतेय मघापासून.”

उजवा. ब्रेकचा.

जाताना गाडी मीच चालवत नेली होती. वन्सं शेजारी. शाळा सुटायची वेळ, चौकात पोरंच पोरं, आणि मी ऐटीत, एका हाताने. परत येताना वन्संनी रिक्षा केली.

गाडी तिथेच राहिली, किल्ली मी वन्संकडे देऊन टाकली.