दीड इंची अक्षरं

अमरावती, ९ जानेवारी १९६६

सौ. सत्यभामा हीस उकंडरावाचा आशीर्वाद.

इथल्या कॉलेजात लावायची सागवानी पाटी, तिची चौकट आणि आपल्या दिगंबरच्या नावाची दीड इंची अक्षरं मी हातानं केली. खाली 'उंद्री' हे गावही कोरलं. कोणापाशी शिकलो नाही, तरी एक काना वाकडा नाही. याच कॉलेजातून तो फौजेत गेला अन् सप्टेंबरात लढाईत पडला, हे आता इथल्या पोरांना रोज दिसेल. 'लेफ्टनंट' कोरताना हात जरा थांबला, बाकी तब्येत बरी आहे. तू दोन्ही वेळा जेवतेस ना?

काल इथले एक देणगीदार शेठ म्हणाले, "मिस्त्री, खाली माझंबी नाव कोरा, याच मापात."

मी म्हटलं, "शेठ, तुम्ही कोण्या लढाईत पडले?"

कोणी घरी येऊन सांगण्याआधी मीच कळवतो. त्या एका ओळीचे ते पाचशे एक रुपये देत होते, मी घेतले नाहीत.

उकंडराव