‘खाली’ या शब्दाबद्दल

बाई, काल मी पुन्हा तुमच्यावर ढकललं. आमच्या फ्रीगंजातल्या इमारतीत नगरपालिकेची एक मुलगी आली होती. आग लागली, पाणी शिरलं, भूकंप झाला तर काय करायचं त्याची तालीम घ्यायला. गळ्यात शिट्टी, हातात बॅटरीवर चालणारा भोंगा. म्हणाली, मैं बोलूँगी ‘मकान खाली करो’, और सब बाहर. मी खुर्चीवरून उठले. म्हटलं, बेटा, हा शब्द बदल, इथे मराठी लोकपण राहतात, तुमच्यात खाली म्हणजे रिकामं, आमच्यात खाली म्हणजे नीचे. तिला हसू आलं. मग माझं तोंड बघून म्हणाली, आपको कैसे पता, दादीजी? आणि मी, या वयात, पंचवीस माणसांसमोर म्हणाले, हमारी बड़ी बाई से एक बार गलती हो गई थी. म्हणून हे लिहायला बसलेय.

तुम्ही आमच्या मराठी कन्याशाळेच्या मुख्याध्यापिका, मी बावीस वर्षांची नवी मास्तरीण. ग्वाल्हेर संस्थान जाऊन मध्यभारत आला होता, आता तोही जाणार आणि राजधानी भोपाळला होणार अशी बोलणी चालली होती. रामघाटामागच्या आपल्या गल्लीत प्रत्येक मराठी घरात संध्याकाळी एकच विषय, कोणाची बदली कुठे, आपण इथे राहायचं की पुण्या-नाशकाकडे परतायचं. तुम्ही मात्र आषाढ लागला की फुटाण्याचे डबे भरायला घ्यायच्या. तुमच्या स्वयंपाकघरात चुलीमागच्या फळीवर कंदील, काथ्याच्या दोऱ्या, फाडलेल्या लुगड्यांच्या पट्ट्या आणि गूळ. लोक राहोत नाहीतर जावोत, क्षिप्रा काही विचारून येत नाही, असं म्हणून शनिवारी अर्धी शाळा सुटली की गल्लीतल्या बायका तिथे गोळा करायच्या. कोणत्या घरातलं म्हातारं माणूस कोण उचलणार, बाळंतीण असेल तर खाट कोण धरणार, सगळं ठरलेलं. आणि नियम दोनच. खालच्या मजल्यावरच्यांनी घर सोडून चढावरच्या आपल्या शाळेत जायचं. वरच्या मजल्यावरच्यांनी वरच थांबायचं, काही झालं तरी जिना उतरायचा नाही. डोळ्यांना पट्टी बांधून तुम्ही आम्हाला तो चढ चढायला लावायच्या. गल्लीतल्या पंडाजींची बायको हसत हसत नाल्यात पडली होती, आठवतंय?

मला तुम्ही एकाच गोष्टीसाठी रागवायच्या. मी वाक्याचा शेवटचा शब्द गिळायची. वर्गात, घरात, सगळीकडे. एकदा हजेरी घेताना तुम्ही दारात येऊन उभ्या राहिलात आणि मुलींसमोर म्हणालात, ‘‘पुरतं बोलावं. घाई असली तरी पुरतं. उरलेलं समोरच्यानं काय अंदाजानं घ्यायचं?’’ मला इतका राग आला होता की मी दोन दिवस तुमच्याशी धड बोलले नाही.

त्या वर्षी पंडाजी तुमच्याकडे आले. ते रामघाटावर यजमानांची पूजा सांगायचे आणि आपल्याच गल्लीत राहायचे. म्हणाले, ‘‘बाईजी, आधी गली मराठी, आधी हिंदी. पानी आएगा तो आप दो-दो बोली में चिल्लाओगी क्या? एक आवाज़ रखो.’’ बराबर होतं त्यांचं. मग ‘घर खाली करो’ ठरलं. तुम्ही माझ्याकडे वळून विचारलंत, ‘‘आपल्या लोकांना कळेल ना गं?’’ मी म्हटलं, न कळायला काय झालं बाई, सगळे बाजारात दिवसभर हिंदीच तर बोलतात. तरी तुम्ही विचारात पडलात. मग म्हणालात, बरं.

आणि काकू आपल्या डोळ्यांसमोर होत्या. रेल्वेतल्या क्लार्कची आई, साताऱ्याकडून येऊन चार महिने झालेले, हिंदीचा गंध नाही. पंडाजींच्या समोरच्या घरात वरच्या मजल्यावर राहायच्या. त्या खिडकीतून भाजीवाल्याला म्हणाल्या होत्या, टोपली खाली ठेव, दोरीनं वर येते का बघते. तो म्हणाला, खाली कहाँ है माँजी, पूरी भरी है. सगळी गल्ली हसली. तुम्हीसुद्धा पदर तोंडाला लावून हसलात. महिनाभर आम्ही एकमेकींना ‘पूरी भरी है’ म्हणत होतो. इतकं हसलो, आणि डोक्यात नाही आलं.

त्या दिवशी तिसरा तास चालू आहे. पाऊस तीन दिवसांचा आहे, त्याचं कोणाला काही वाटत नाही. पंडाजींचा भाऊ धावत येतो, घाटावरच्या देवळांत पाणी शिरलंय, चढून राहिलंय. तुम्ही घंटा देता, मुलींना वरच्या वर्गात बसवता आणि देवास गेटच्या पत्रेवाल्याकडून करून आणलेला तो भोंगा माझ्या हातात देता. ‘‘तू पुढून जा, मी मागून दोऱ्या घेऊन येते. पुरतं बोल.’’ मी गल्लीत शिरते तेव्हा पाणी घोट्याला आहे, तिसऱ्या घराशी पोटरीला. रंग चहासारखा, त्यात फुलांचे हार, एक पाट, कोणाची तरी चप्पल. मी ओरडते, घर खाली करो, घर खाली करो. लोक निघतात. खरंच निघतात, बाई. जसं तुम्ही शिकवलं तसंच, म्हातारे पाठीवर, पोरं कडेवर. पाणी गुडघ्याला येतं आणि मला भीती वाटायला लागते. दम पुरत नाही. तीन शब्दांचे दोन होतात, दोनांचा एक. खाली, खाली, खाली. पत्र्याच्या भोंग्यातून तेवढंच गल्लीभर घुमतं.

काकूंच्या घरातला खालचा मजला केव्हाच रिकामा झालेला. जिना आतून, अंधारा, आणि त्याच्या पायथ्याशी बोळ, त्यात परसातलं पाणी आधीच छातीइतकं भरलेलं. हे रस्त्यावरून दिसत नव्हतं. मुलगा ड्यूटीवर, सून माहेरी. वर त्या एकट्या, आणि कोरड्या. त्यांनी तिथेच बसून राहायचं होतं, एवढंच.

तासाभरानं पंडाजींनी दोरी बांधून त्यांना बोळातून बाहेर काढलं. एका हातात देवांचं गाठोडं घट्ट धरलेलं होतं. त्यांना शाळेत आणून तुमच्या टेबलावर ठेवलं. तुम्ही गुडघे टेकून त्यांच्या पायांवरचा चिखल पुसत होतात. मी बघत उभी होते, माझ्या हातात अजून भोंगा होता.

पाणी उतरल्यावर शाळेच्या दालनात सगळे जमले. काकूंचा मुलगा ओरडला नाही, तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं हळू विचारलं, ‘‘आई वर होती. ती खाली का आली?’’ मग एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, अहो, खाली खाली असाच पुकारा चालला होता, मीही क्षणभर जिन्यापर्यंत आलो होतो. मुलानं विचारलं, हा शब्द कोणी ठरवला? मी तुमच्या मागे, अगदी खांद्याशी होते. तोंड उघडलं होतं मी, शपथेवर सांगते. पण तुम्ही पुढे झालात. ‘‘मी ठरवला. चूक माझी आहे.’’ त्यानं तुमच्याकडे पाहिलं, नमस्कार केला आणि निघून गेला. महिन्याभरात त्यानं भुसावळला बदली करून घेतली. आणि मला, बाई, हायसं वाटलं. तुम्ही पुढे झालात त्याचं दुःख नंतर, आधी हायसं वाटलं.

पुढच्या आषाढात तालमीला पंडाजींची बायको सोडून कोणी आलं नाही. गल्लीतल्या बायका तुम्हाला पाहून दार लोटून घ्यायच्या, आणि मी त्यांच्या घरी हळदीकुंकवाला जायची. तुम्ही आम्हा दोघींनाच घेऊन चढ चढलात, नवा शब्द घेऊन. ‘वर’ आणि ‘ऊपर’, दोन्ही, पाठोपाठ. मग मध्यप्रदेश झाला, मराठी घरं एकेक करून कमी झाली आणि तुम्ही भावाकडे पुण्याला जायला निघालात. स्टेशनवर तुम्ही तो भोंगा मला दिलात. म्हणालात, ‘‘ओरडणारा पुष्कळ ओरडतो गं. मधे थांबून ऐकायचं असतं, ते मी तुला शिकवलंच नाही.’’ मी पाया पडले. तेव्हापासून मला एकच प्रश्न आहे, तुम्हाला माहीत होतं का? त्या वेळी तुम्ही दोऱ्या घेऊन गल्लीच्या तोंडाशी पोचला होतात का? तुम्ही वारल्याचं कार्ड आलं तेव्हाही आधी हाच विचार आला.

कारण एवढं लिहूनही खरं ते मी लिहिलेलंच नाही. सगळे समजतात की काकूंनी पुकारा ऐकला आणि त्या उतरल्या. तसं झालं नाही. तुमचा नियम त्यांना पाठ होता. त्या खिडकीत आल्या, गजांतून वाकल्या आणि त्यांनी मला विचारलं, ‘‘अगं, बाई तर म्हणाल्या होत्या वरच थांबा. आता खाली येऊ का?’’

मला घाई होती. पुढे अजून चार घरं होती. मी वर न बघता म्हटलं, हो, खाली.

नगरपालिकेची ती मुलगी उद्या परत येणार आहे, नवा शब्द ठरवायला. तुमच्या नावावर टाकलेली चूक मी तिच्यासमोर परत घेईन असं ठरवलंय. तेवढं जमेल बहुतेक. खिडकीतलं मात्र तिलाही सांगवणार नाही, म्हणून हा कागद गुंडाळून कपाटावरच्या त्या भोंग्यात ठेवतेय. काकूंनी विचारलं होतं, बाई. आणि मला ऐकू आलं होतं.